वैद्यकापूर्वीचे जीवशास्त्र

दहावीचा निकाल हाती पडल्यापासून अकरावीचा अर्ज भरून होईपर्यंतचे दिवस हे आपल्याकडील अनेक घरांत मोठ्या खलबतांचे दिवस असतात. मामा येतात, काका येतात, शेजारचे निवृत्त मास्तर बोलावले जातात, आणि सर्वांच्या मध्ये ज्याच्या जन्माचा प्रश्न आहे तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून बसलेली असते. मुलीला डॉक्टर व्हावयाचे आहे, किंवा तिने व्हावे असे घराने ठरविले आहे. मग बायॉलॉजी घ्यावयाची हे ओघानेच आले. पण ती गणितासह घ्यावी की गणित सोडून? वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र वेगवेगळे शिकावे की दोहोंचे मिळून एकच पुस्तक पुरे? आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले नाही तर पदवीसाठी यांतले काय धरावे? या प्रश्नांविषयी आज मी थोडे बोलणार आहे. बोलणे तंजावर जिल्ह्यातील एका गावाच्या आधाराने करणार आहे. त्याचे कारण लवकरच ध्यानात येईल.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी या वाटेवर जी अन्नछत्रे बांधली, त्यांतील एक प्रसिद्ध छत्र येथे आहे. दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर बसले. मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने त्यांनी हे छत्र उभारले. घोडे आणि हत्ती ओढीत असलेल्या रथाच्या आकाराचा त्याचा मंडप आजही पाहणाऱ्याला थांबवितो. परंतु माझ्या विषयाशी त्या रथापेक्षा एका पत्राचा संबंध अधिक जवळचा आहे.

१८०१ च्या जानेवारीत सरफोजी महाराजांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला एक पत्र पाठविले. राज्याचा कारभार कंपनीकडे जाऊन फार काळ लोटला नव्हता. निदान या छत्रांच्या उत्पन्नाला तरी कोणी हात लावू नये, अशी राजाची कळकळीची विनंती होती, आणि छत्रांत काय काय चालते याचे सविस्तर वर्णन त्यांनी त्यात केले. वाटसरूंना अन्न मिळे, तान्ह्या मुलांना दूध मिळे, आजाऱ्याची व बाळंतिणीची काळजी घेतली जाई. छत्राला पंतोजी जोडलेला असे. वैद्यही असत. रोग, सूज आणि सर्पादिकांचे विष यांवर उपचार करण्यात कुशल अशी त्या वैद्यांची ओळख महाराजांनी करून दिली आहे. परदेशी वाटसरूंची मुले पोरकी झाली तर ती पंतोजींच्या स्वाधीन होत. त्यांना तीन वेळ जेवण, वस्त्र आणि औषध मिळे. आणि त्यांना शिकवावयाचे काय? ज्या शास्त्राकडे त्या मुलाचा कल दिसेल ते.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी, ज्याला आई नाही, बाप नाही आणि ज्याच्यासाठी खलबत करावयास मामा-काकाही नाहीत, अशा मुलाला हा प्रश्न विचारला जात होता, की बाळ, तुला काय शिकावेसे वाटते? ज्यांना सर्व काही आहे अशा आपल्या मुलांना तो प्रश्न किती वेळा विचारला जातो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरापुरता करावा.

कल पाहून चालेल काय, प्रवेश मिळावयास नको काय, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे, म्हणून आधी प्रवेशाचा हिशेबच मांडू. वैद्यकाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला, म्हणजे नीटला, २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एम. बी. बी. एस.च्या जागा तेव्हा साऱ्या देशात सुमारे एक लाख दहा हजार होत्या. म्हणजे वीस-एकवीस जणांत एकाला जागा. कोणी कितीही अभ्यास केला, कितीही शिकवण्या लावल्या, तरी एकूण हिशेब तोच राहतो, कारण एकाची सरशी ही दुसऱ्याची पिछेहाट असते. तमिळनाडूत २०१६ पर्यंत बहुतेक जागा बारावीच्या गुणांवर भरल्या जात. २०१७ पासून तेथेही ही परीक्षा आली. सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांची त्यात पीछेहाट होते हे दिसून आल्यावर २०२० मध्ये त्या राज्याने साडेसात टक्के जागा त्यांच्यासाठी राखून ठेवणारा कायदा केला. ओरत्तनाडुसारख्या गावातील मुलांना तो मोठाच आधार झाला. तरीही दारात उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना परत फिरावे लागणार, ही गोष्ट कोणत्याही कायद्याने बदलत नाही.

या आकड्याने कोणाचा धीर खचावा असा माझा हेतू नाही. मला त्यातून एकच सूत्र काढावयाचे आहे. जीवशास्त्राची निवड अशी असावी की जागा मिळालेल्या एकाला ती उपयोगी पडेल आणि उरलेल्या एकोणीस जणांनाही ती फसविणार नाही. जो विषय केवळ दाराची किल्ली म्हणून हाती धरला, ती किल्ली दाराला लागली नाही की तो लोखंडाचा तुकडा ठरतो. जो विषय डोळा म्हणून घेतला, तो दार बंद राहिले तरी आपल्याजवळ राहतो.

डोळा म्हणजे काय, ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो. रोनाल्ड रॉस हे इंग्रज लष्करातील डॉक्टर. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो काय, हे शोधण्यासाठी ते १८९५ पासून दोन वर्षे डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहात होते. हाती काहीच लागेना. वैद्यकाचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, चिकाटीही होती; अडचण होती ती प्राणिशास्त्राची. डास अनेक जातींचे असतात, आणि रॉस ज्या जातींचे डास तपासत होते त्यांत हा जंतू वाढतच नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस त्यांनी ठिपकेदार पंखांचा निराळाच डास तपासला आणि कोडे उलगडले. डासाच्या जाती ओळखणे हे पोरखेळाचे काम नव्हते; लाखो माणसांचे प्राण त्या ओळखीवर अवलंबून होते.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणचे. तांबडा विंचू कोकणात जसा सापडतो तसा दक्षिणेतही सापडतो. त्याच्या शास्त्रीय नावात टॅम्युलस हा शब्द आहे, तो तमिळ देशाची आठवण देतो. महाड भागात या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले की प्रथम काय होते, मग काय होते. घाम सुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, आणि पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. या पूर्वसूचक लक्षणांचे त्यांचे निवेदन १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मोठी प्रयोगशाळा तेथे नव्हती. विष शरीरात कोणत्या क्रमाने काय करते याचे अखंड निरीक्षण होते, आणि ते समजून घेण्याइतके शरीरक्रियाशास्त्र होते.

तिसरे उदाहरण छत्रातल्या त्या विषवैद्यांच्या परंपरेतले. सर्पदंशावर आज जी लस टोचतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली असते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तात प्रतिविष निर्माण करावयाचे आणि ते माणसाला द्यावयाचे, अशी तिची रीत आहे. मुंबईची हाफकिन संस्था हे काम अनेक वर्षे करीत आली आहे, आणि त्यासाठी लागणारे विष तमिळनाडूतील इरुळ जमातीच्या सापधऱ्यांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था पुरविते. म्हणजे इस्पितळातील एका कुपीच्या मागे साप ओळखणारा माणूस आहे, घोडा सांभाळणारा पशुवैद्य आहे आणि रक्ताचे रसायन जाणणारा शास्त्रज्ञ आहे. डॉक्टर त्या साखळीचा शेवटचा दुवा आहे. ही साखळी ज्याला दिसली, त्याला प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा निरस वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. तमिळनाडूत अकरावी-बारावीला दोन वाटा दिसतात. एका गटात भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चार विषय एकत्र असतात. दुसऱ्या गटात गणित वगळून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय घेता येतात. महाराष्ट्रात जीवशास्त्र हा एकच विषय असतो, आणि त्याच्या जोडीला गणित ठेवावयाचे की नाही हा प्रश्न उरतो. आमच्याकडील जुन्या पिढीला इंटर सायन्सचा 'बी' ग्रूप आठवत असेल. त्या काळची निवड याच जातीची होती.

ज्याला गणित झेपते त्याने ते सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नीट परीक्षेत गणिताचा प्रश्न नसतो हे खरे. तीत एकशेऐंशी प्रश्नांपैकी नव्वद जीवशास्त्राचे आणि उरलेले भौतिकीचे व रसायनाचे असतात. पण औषधाची मात्रा वजनाप्रमाणे ठरविणे, तपासणीचा अहवाल किती विश्वसनीय आहे हे जाणणे, शंभर रुग्णांतील साठ बरे झाले याचा अर्थ औषधाचा गुण की योगायोग हे पारखणे, या सर्वांना गणिती बुद्धी लागते. शिवाय गणित हाती असले की वैद्यकाखेरीज इतर पुष्कळ वाटा मोकळ्या राहतात. मात्र ज्या मुलाला गणिताची खरोखर धास्ती आहे आणि जो झाडे, कीटक, पक्षी यांत रमतो, त्याच्या माथी ते केवळ खबरदारी म्हणून मारू नये. त्याने वनस्पती व प्राणी हे दोन विषय स्वतंत्रपणे आणि खोलवर शिकावेत. अर्धवट चार विषयांपेक्षा मनापासून शिकलेले तीन बरे. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अभ्यासक्रमालाही लागू आहे.

आणखी एक भीती या वयात फार छळते, की आता चुकलो तर जन्माचे चुकलो. ही भीती पूर्वी काहीशी खरी होती. आता तितकी नाही. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्याने ते नंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण केल्यास त्यालाही नीटला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. तेव्हा सोळाव्या वर्षीचा निर्णय हा दगडावरचा लेख नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

पदवीच्या वर्गात गेलेल्यांसाठी दोन शब्द. पहिल्या प्रयत्नात जागा मिळाली नाही म्हणून बी. एस्सी.ला नाव घालणारे आणि मनाने मात्र पुढल्या परीक्षेत वावरणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. ते महाविद्यालयात असतात, पण महाविद्यालयाचे नसतात. त्यांनी वर्षे फुकट घालविण्यापेक्षा पेशीविज्ञान, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्र यांपैकी जे आपल्या महाविद्यालयात चांगले शिकविले जाते ते घ्यावे. 'चांगले शिकविले जाते' या शब्दांवर मी भर देतो. विषयाच्या नावापेक्षा शिक्षक आणि प्रयोगशाळा यांची चौकशी आधी करावी. भपकेबाज नावाचा विषय आणि कुलूपबंद प्रयोगशाळा, यापेक्षा जुन्या नावाचे वनस्पतिशास्त्र आणि रोज मुलांना शेतात नेणारा शिक्षक केव्हाही श्रेष्ठ.

प्रयोगाविषयी हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुढ्यात बेडूक किंवा झुरळ असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ मधील आदेशानंतर महाविद्यालयांतून हे विच्छेदन बंद झाले, आणि प्राण्यांचे हाल थांबले हे योग्यच झाले. पण त्याबरोबर हाताने करावयाचे व डोळ्यांनी पाहावयाचे कामही कमी झाले असेल तर ती हानी भरून काढली पाहिजे. पान कापून त्याचा छेद पाहता येतो, डबक्यातील पाण्याचा थेंब काचेखाली धरता येतो, डासाच्या अळ्या बाटलीत ठेवून त्यांचा डास होईपर्यंत रोजची टिपणे घेता येतात. कावेरीच्या कालव्यांनी भिजलेल्या प्रदेशात तर या गोष्टींना तोटाच नाही. आणि जे पाहिले ते वहीत काढावे. चित्र वाईट आले तरी काढावे, कारण चित्र काढताना जे दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही.

सरफोजी महाराजांना हे उमगले होते. तंजावरच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य एकत्र आणले गेले होते. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदींत रोग्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत, आणि त्यांच्याबरोबर रोगाची व उपचाराची हकीकतही आहे. आधी पाहावे, मग लिहावे, मग निदान करावे, हा क्रम तेथे पाळलेला दिसतो. त्याच राजाच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्तींच्या व घोड्यांच्या शास्त्रावरील सचित्र ग्रंथही आहेत. माणसाचे वैद्यक श्रेष्ठ आणि जनावराचे हलके, अशी उतरंड त्या संग्रहात आढळत नाही.

ही उतरंड आज मात्र आपल्या मनात पक्की बसली आहे. एम. बी. बी. एस. म्हणजे यश, आणि त्याखालचे सर्व काही म्हणजे समजूत घालणे. ओरत्तनाडुकडे पुन्हा पाहा. त्या गावात २०१२ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. ज्या गावच्या छत्राला सर्पविष उतरविणारे वैद्य जोडलेले होते, त्या गावात आज गाय, म्हैस, शेळी यांचे रोग ओळखणारे तरुण-तरुणी तयार होतात. ज्या कुटुंबाचे सारे भांडवल गोठ्यात उभे आहे, त्याच्या दृष्टीने या पदवीधराचे मोल कोणत्या डॉक्टरपेक्षा कमी आहे? मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय तर १८८६ पासून चालू आहे. तरी आपल्या घरांतून त्याचे नाव निघते ते बहुधा पहिले दार बंद झाल्यावर.

चार्ल्स डार्विन १८२५ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी एडिंबरोला गेला. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया त्याला पाहवल्या नाहीत, आणि दोन वर्षांत त्याने वैद्यक सोडले. पण त्याच एडिंबरोत समुद्रकिनाऱ्यावरील क्षुद्र जीव पाहण्याचा नाद त्याला लागला, तो सुटला नाही. आपल्याकडे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईत जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीच्या नद्यांतून हिंडत. गोड्या पाण्यातील जेलीमासा त्यांच्या दृष्टीस पडला आणि १९११ च्या सुमारास शास्त्रज्ञांत त्याची चर्चा झाली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने जी संशोधनसंस्था उभी राहिली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही माणसे डॉक्टर झाली नाहीत. त्यांचे जीवशास्त्र म्हणून फुकट गेले, असे कोण म्हणेल?

तेव्हा श्रोतेहो, अर्जावर विषयांची नावे लिहिण्यापूर्वी मुलांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वैद्यकाची जागा मिळाली नाही तरी हा विषय शिकल्याचे समाधान मला राहील काय? तो शिकताना माझे डोळे आणि हात कामाला लागतील, की केवळ पाठांतरच होईल? आणि त्याच्या जोडीला मी जे घेतो आहे, त्याने माझ्या पुढच्या वाटा वाढतात की कमी होतात? तिन्ही उत्तरे मनाजोगी आली तर निवड योग्य झाली असे खुशाल समजावे.

वडीलधाऱ्यांनी एकच करावे. मुलाच्या किंवा मुलीच्या समोर बसून छत्रातील तो जुना प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित दोन दिवसांनी येईल, कदाचित आपल्याला नको ते येईल. पण ज्या उदार बुद्धीने वाटेवरच्या पोरक्या मुलाला त्याचे शास्त्र निवडू दिले, तेवढी उदारता आपण पोटच्या मुलांसाठी दाखविली नाही, असे तरी होऊ नये.